बारा जवान, तीन कुलपं

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे एकत्र केले, की त्यांच्या साधारण पावणेतीनपट आयर्लंड भरतो. माणसं मात्र आपल्यापेक्षा कमी. २०११ च्या जनगणनेत आपले तीन जिल्हे ७९ लाखांवर होते, आयर्लंड २०२२ मध्ये ५१ लाखांवर. लष्कर, नौदल आणि हवाई दल धरून त्यांची सगळी फौज साडेसात हजारांच्या आसपास. लढाऊ विमान एकही नाही. नाटोत तो देश नाही. तरीही १९५८ पासून संयुक्त राष्ट्रांच्या कामावर त्यांचा कुणी ना कुणी माणूस सतत आहे.

या देशात सध्या एका आकड्यावरून भांडण चालू आहे: १२. बारापेक्षा जास्त सशस्त्र जवान परदेशी मोहिमेवर पाठवायचे तर तीन परवानग्या लागतात, म्हणजे तीन कुलपं उघडावी लागतात. मार्च २०२५ मध्ये सरकारने कायदादुरुस्तीच्या मसुद्याला मंजुरी दिली. त्यात हा आकडा ५० करायचा आणि तीनपैकी संयुक्त राष्ट्रांची परवानगी काढून टाकायची असं म्हटलं आहे.

'आपले काय करनं शे?' असं कुणी विचारेल. लेबनॉनमध्ये आयरिश तुकडी ज्या मोहिमेत आहे, त्याच मोहिमेत १९९८ पासून भारताची पलटण आहे. चाळीसगाव-पारोळ्याकडच्या फौजी घरांत 'यूएनला नंबर लागला' म्हटलं की बोलणं भत्त्यावर येऊन थांबतं. पाठवायचं कोण ठरवतं, कोणत्या कायद्याने, आणि बिल कोण भरतं, हे कुणी सांगत नाही. स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये तर 'तटस्थ देश: स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, आयर्लंड' एवढ्या एका ओळीत विषय संपतो. म्हणून हे जरा सविस्तर.

आधी कायदा. तटस्थ देशाने युद्धात काय करायचं आणि काय नाही, हे १९०७ च्या हेग करारांत लिहिलेलं आहे. पाचवा करार जमिनीवरच्या युद्धाचा, तेरावा समुद्रावरचा. पाचव्यानुसार लढणाऱ्या देशाची फौज किंवा दारूगोळ्याचा ताफा तटस्थ देशाच्या भूमीवरून जाऊ द्यायचा नाही. घुसलेली तुकडी पकडून युद्ध संपेपर्यंत रणांगणापासून दूर ठेवायची. आपली तटस्थता राखायला बळ वापरलं तर ते शत्रुत्वाचं कृत्य मानलं जात नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. तटस्थ देश बिनशस्त्र असतो ही समजूत इथेच गळून पडते. जो घुसखोराला अडवू शकत नाही, त्याची तटस्थता कागदावरच राहते.

दारूगोळ्याचं कलम आपल्याकडे लवकर समजेल, कारण वरणगावला रायफलीची काडतुसं बनतात. खासगी व्यापाऱ्याने लढणाऱ्या देशाला माल विकला तर तो रोखायला तटस्थ सरकार बांधील नाही. मात्र बंदी घालायची ठरवली तर दोन्ही बाजूंना सारखी घालावी लागते. सरकारने स्वतः दारूगोळा पुरवणं तेराव्या कराराने मना आहे. आता वरणगावचा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे. असा कारखाना तटस्थ देशात असता तर त्याची प्रत्येक निर्यात वादाची झाली असती. स्वित्झर्लंडमध्ये असंच झालं. जर्मनीकडे असलेला स्विस बनावटीचा विमानविरोधी तोफांचा दारूगोळा २०२२ मध्ये युक्रेनला द्यायचा होता. मूळ विक्रीच्या करारात फेरनिर्यातीला स्विस परवानगीची अट होती आणि ती परवानगी नाकारली गेली. जर्मनीला दुसरीकडे कारखाना उभा करावा लागला.

भारत या अर्थाने कधीच तटस्थ नव्हता. अलिप्ततावाद हे परराष्ट्र धोरण होतं, आणि आपण १९४७ पासून युद्धं लढलो. परीक्षेत हे दोन्ही एकाच पर्यायात टाकलेले दिसले तर तो पर्याय चुकीचा धरा.

तटस्थांमध्येही तऱ्हा आहेत. ऑस्ट्रियाची तटस्थता २६ ऑक्टोबर १९५५ च्या घटनात्मक कायद्यात आहे. स्वित्झर्लंडची १८१५ मध्ये युरोपच्या सत्तांनी मान्य केली, आणि तिथे सक्तीची लष्करी सेवा आहे. (सशस्त्र तटस्थतेचा एवढा बोलबाला, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये इथिओपियाचं अपहृत विमान पहाटे जिनेव्हाला उतरलं तेव्हा स्विस लढाऊ विमानं उडालीच नाहीत. ती तेव्हा ऑफिसच्या वेळेतच उडत. सोबतीला इटलीची आणि फ्रान्सची विमानं आली.) आयर्लंडच्या राज्यघटनेत मात्र 'आम्ही तटस्थ आहोत' असं वाक्य नाही. संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, म्हणजे डॉलच्या, संमतीशिवाय युद्धात भाग घेता येणार नाही, असं आहे. २००२ मध्ये युरोपीय संघाच्या सामायिक संरक्षणात सामील न होण्याचं कलम आलं. बाकी सगळं धोरण, सवय आणि लष्करविषयक साधे कायदे. साधा कायदा साध्या बहुमताने बदलता येतो, म्हणूनच बाराच्या आकड्यावर एवढा गदारोळ.

आता ती तीन कुलपं. संयुक्त राष्ट्रांचा ठराव, मंत्रिमंडळाचा निर्णय आणि डॉलची मंजुरी. याचं मूळ १९६० च्या कायद्यात आहे, काँगोला पलटण पाठवायची होती तेव्हाचं. त्यात मोहीम 'पोलिसी स्वरूपाची' असावी अशी अट होती. १९९३ मध्ये सोमालियाची मोहीम समोर आली. तिथे बळ वापरून शांतता लादायची होती, त्यामुळे कायदा बदलून ती अट सैल करावी लागली. २००६ मध्ये परदेशी प्रशिक्षण आणि मानवतावादी मदत यांच्यासाठी वाट मोकळी केली, आणि संयुक्त राष्ट्रांची मान्यता कोणकोणत्या शब्दांत आली तर चालेल याचीही व्याख्या रुंदावली.

ग्रामपंचायतीच्या खात्यातून पैसे काढायला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या सह्या लागतात. इथे तिसरीही सही लागते, आणि ती करणारा न्यूयॉर्कला बसतो. त्याच्या मागे सुरक्षा परिषदेतले नकाराधिकार असलेले पाच जण उभे. अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स. पाचांपैकी एकाने हात आडवा केला की सही नाही. डब्लिनमध्ये सरकार आणि संसद दोघं एकमताने तयार असले तरी नाही.

हे प्रत्यक्षात घडलेलं आहे. मॅसेडोनियात संयुक्त राष्ट्रांची प्रतिबंधक मोहीम होती. मॅसेडोनियाने तैवानशी संबंध जोडले म्हणून १९९९ मध्ये चीनने तिची मुदतवाढ रोखली. पुढे २००३ मध्ये युरोपीय संघाने तिथे छोटी मोहीम नेली. मॅसेडोनियाच्या सरकारला ती हवी होती, सुरक्षा परिषदेनेही स्वागताची भाषा वापरली, पण रीतसर मान्यतेचा ठराव नव्हता. आयर्लंडला जाता आलं नाही. परिषदेने नवी मोठी शांतिसेना उभी केली त्याला आता दशक उलटलं. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातली २०१४ ची मोहीम शेवटची. कुलूप काढा म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार हाच.

कुलूप राहू द्या म्हणणाऱ्यांकडेही कायद्याचाच मुद्दा आहे. आयरिश कायद्यात 'सुरक्षा परिषद किंवा आमसभा' असं लिहिलं आहे. आमसभेत नकाराधिकार नसतो. १९५६ मध्ये सुएझच्या वेळी ब्रिटन आणि फ्रान्सने परिषद अडवली, तेव्हा पहिली सशस्त्र शांतिसेना आमसभेनेच उभी केली होती. भारताची पलटण तीत गाझात होती. म्हणजे न्यूयॉर्कला दोन दारं आहेत आणि चर्चा एकाच दाराची होते. दुसरं दार गेल्या कित्येक दशकांत नव्या शांतिसेनेसाठी उघडलेलं नाही, हेही खरं.

बारा हा आकडा कामकाजात नेमका कुठे अडतो ते पाहा. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये लढाई पेटली. आयरिश नागरिकांना बाहेर काढायला सरकारने जास्तीत जास्त १२ लष्करी माणसांचं पथक मंजूर केलं. कामाला किती लागतील यापेक्षा कायदा किती म्हणतो त्यावर पथकाचं माप ठरतं. संपर्कवाले, परिचारक, भाषा जाणणारे आणि रक्षक अशी बेरीज केली की बारा फार लवकर भरतात. नि:शस्त्र निरीक्षक आणि मुख्यालयातले अधिकारी या मोजणीत येत नाहीत, म्हणून जेरुसलेमच्या निरीक्षक मोहिमेत आयरिश अधिकारी वर्षानुवर्षं विनाअडथळा जातात. ५० चा प्रस्ताव मला या कामापुरता रास्त वाटतो. संयुक्त राष्ट्रांची सही सरसकट काढायची की नाही हा निराळा प्रश्न. मसुद्यात दोन्ही एकत्र बांधले आहेत आणि त्यामुळे दोन्हींवरची चर्चा बिघडली आहे.

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. या देशाला परदेशात जाण्यापासून गेल्या काही वर्षांत सर्वांत जास्त कशाने रोखलं असेल, तर माणसांच्या तुटवड्याने. त्याला कुणाचा नकाराधिकार लागला नाही.

हिशेब असा. आयरिश तुकडी सहा महिन्यांनी बदलते. लेबनॉनमध्ये साधारण तीन-साडेतीनशे जवान. ते तिकडे असताना पुढची तेवढीच तुकडी देशात तयारी करते: गोळीबार, चिलखती गाड्यांचा सराव, स्फोटकं ओळखणं, त्या भागाची माहिती, लसी, आणि शेवटी अख्ख्या तुकडीची परीक्षा घेणारा सराव. आणि मागच्या सहामाहीत परत आलेली तुकडी रजेवर किंवा अभ्यासक्रमांवर. म्हणजे एक माणूस तिकडे ठेवायला इकडे दोन लागतात. साडेतीनशेचे हजारावर जातात. साडेसात हजारांतून नौदल, हवाई दल, प्रशिक्षणार्थी, आजारी आणि कार्यालयातले वजा करा, मग हे हजार किती जड आहेत ते कळेल.

त्यातही सरसकट माणूस चालत नाही. रायफलवाला शिपाई मिळतो. चिलखती गाडीचा फिटर, स्फोटकं निकामी करणारा, डॉक्टर, रडार-संपर्काचा तंत्रज्ञ मिळत नाही, कारण बाहेर त्याला दुप्पट पगार आहे. हे लोक थोडे, म्हणून त्यांचीच पाळी पुन्हा पुन्हा येते. घरच्यांना ते सहन होत नाही, ते नोकरी सोडतात, उरलेल्यांची पाळी आणखी लवकर येते. स्वेच्छेने नावं कमी पडली की सक्तीने निवड होते, आणि त्याने राजीनामे वाढतात. मंजूर संख्या ९,५०० होती: लष्कर ७,५२०, नौदल १,०९४, हवाई दल ८८६. प्रत्यक्षात दोन हजारांची तूट. २०१२ मध्ये काटकसरीत तीन ब्रिगेडच्या दोन केल्या. तेव्हा पश्चिमेकडच्या माणसांना घरापासून लांबची छावणी मिळाली, आणि अनेकांनी लष्करच सोडलं. २०२३ मध्ये दोन गस्ती जहाजं केवळ माणसं नाहीत म्हणून बाजूला बांधावी लागली. जहाजं धडधाकट होती.

फेब्रुवारी २०२२ मध्ये संरक्षण दलांवरच्या आयोगाचा अहवाल आला. त्याने तीन पायऱ्या मांडल्या: आहे तसं चालू ठेवा, मधली वाढ करा, किंवा युरोपातल्या बरोबरीच्या देशांइतकं उभं राहा. सरकारने त्याच जुलैमध्ये मधली पायरी घेतली. २०२२ च्या किमतींत वर्षाचं अंदाजपत्रक १.१ अब्ज युरोवरून २०२८ पर्यंत दीड अब्जावर न्यायचं, माणसं ११,५०० करायची. पैसा वाढला. माणसं मात्र त्या वेगाने वाढली नाहीत, कारण भरती होते त्याच दाराने लोक बाहेरही जातात.

मग निर्णय आला तो असा: इस्रायल-सीरिया सीमेवरच्या गोलान टेकड्यांवरच्या मोहिमेतून २०२४ मध्ये आयर्लंडने आपली तुकडी काढून घेतली. ठराव शाबूत होता, संसदेची मंजुरी होती, संयुक्त राष्ट्रांना माणसं हवी होती. लेबनॉन आणि युरोपीय संघाचा राखीव गट हे दोन्ही सांभाळून तिसरं ओझं पेलेना. तिन्ही कुलपं उघडी आणि आत माणूस नाही. डब्लिनमधल्या वादात या गोष्टीला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मला मिळालेली दिसत नाही. कुलूप काढलं तरी दुसऱ्या दिवशी फिटर कुठून आणणार?

आता पाठवण्याची प्रत्यक्ष रीत. ती भारत, आयर्लंड, नेपाळ सगळ्यांना सारखीच, म्हणून फौजी घरांसाठी जरा थांबून सांगतो.

देश आधी संयुक्त राष्ट्रांच्या सज्जता नोंदणीत आपली तुकडी लावतो: पायदळ पलटण, इंजिनियर कंपनी, इस्पितळ, हेलिकॉप्टर, जे काही असेल ते. नोंदणीला पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर न्यूयॉर्कहून पथक येऊन गाड्या, शस्त्रं, वैद्यकीय साहित्य प्रत्यक्ष तपासतं. सर्वांत वरच्या पायरीची तुकडी सांगितल्यापासून ६० दिवसांत निघायला हवी. मोहीम ठरली की तुकडीला काय काय लागेल याची यादी निघते, आणि तिच्या आधारे देश व संयुक्त राष्ट्रं यांच्यात सामंजस्य करार होतो. किती माणसं, किती चिलखती गाड्या, किती जनरेटर, किती पाणीशुद्धी यंत्रं, स्वयंपाक कोणाचा, धुलाई कोणाची, तंबू कोणाचे, सगळं त्यात. घासाघीस इथेच होते. इथे जे लिहून घेतलं नाही ते पुढे मिळत नाही.

पैशाचे दोन झरे. माणशी दरमहा ठरावीक रक्कम संयुक्त राष्ट्रं सरकारला देतात. २०१८ च्या जुलैपासून ती १,४२८ डॉलर होती, पुढे थोडी वाढली. १,४२८ च्या दराने शंभर जवानांचे वर्षाला १७ लाख १३ हजार ६०० डॉलर होतात. ही रक्कम जवानाच्या हातात येत नाही, सरकारला मिळते. जवानाला आपला देश आपल्या नियमाने भत्ता देतो. संयुक्त राष्ट्रं थेट जवानाला देतात ते दिवसाला १.२८ डॉलर, आणि सहा महिन्यांत १५ दिवसांपर्यंतच्या विरंगुळा-रजेचे दिवसाला साडेदहा डॉलर. 'यूएनमध्ये डॉलरमध्ये पगार' या गप्पांमध्ये हे दोन आकडे कुणी सांगत नाही. आयर्लंडला प्रतिपूर्तीतून त्यांच्या खर्चाचा थोडाच भाग परत मिळतो, कारण त्यांचे पगारच मोठे. भारत, नेपाळ, बांगलादेश यांचं गणित वेगळं बसतं, आणि सर्वांत जास्त माणसं याच देशांची का, याचं एक कारण इथे आहे.

दुसरा झरा साहित्याचा. देशाने आपली गाडी आणली आणि दुरुस्तीही तोच करणार असेल तर भाड्याचा दर जास्त. दुरुस्ती संयुक्त राष्ट्रं करणार असतील तर कमी. बहुतेक तुकड्या पहिला प्रकार घेतात आणि तिथेच फसतात. पोचल्यावर तपासणी, मग दर तिमाहीला तपासणी, निघताना शेवटची. करारातल्या गाड्यांपैकी ९० टक्के चालत्या हव्यात. त्याखाली गेलं की त्या प्रकारच्या गाड्यांचे पैसे कापले जातात. गाडी दाखवायला उभी आहे आणि इंजिन चालू होत नाही, असली गाडी मोजत नाहीत. सुटे भाग मायदेशातून जहाजाने यायला महिने लागतात, बंदरात कागद अडकतात, आणि आफ्रिकेत पावसाळ्यात रस्ता बंद. म्हणून अनुभवी क्वार्टरमास्टर, म्हणजे तुकडीचं सामान सांभाळणारा, पहिल्याच खेपेत फिल्टर, पट्टे, बॅटऱ्या आणि टायर दुपटीने भरतो. चिलखती गाडीचा टायर बाजारात मिळत नाही हे तिकडे गेल्यावर कळून उपयोग नसतो.

जवानाच्या बाजूने पाहिलं तर काँगो किंवा दक्षिण सुदानला जाणाऱ्याला पिवळ्या तापाची लस निघण्यापूर्वी किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. त्याआधी प्रमाणपत्र वैध धरत नाहीत. हिवतापाच्या गोळ्या वेगळ्या, आणि त्या परत आल्यावरही ठरलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवायच्या. 'घरी आलो, आता काय' म्हणून गोळ्या सोडल्या की गावात ताप चढतो आणि तालुक्याच्या दवाखान्यात तो आपल्याकडचा साधा हिवताप समजला जातो. डॉक्टरला आफ्रिकेचा उल्लेख आधी करावा. गोलानवर जाणाऱ्याची गोष्ट उलटी. हर्मोन पर्वतावरची चौकी २,८०० मीटरच्या वर, तोरणमाळच्या दुपटीहून उंच, आणि तिथे बर्फ पडतं. भुसावळचं ४५ अंश सोसलेल्या माणसाला त्याचा काही फायदा नाही.

चुकतं कुठे, हे सांगायला काँगोइतका चांगला धडा नाही. सप्टेंबर १९६१, काँगोतून फुटू पाहणारा कटांगा प्रांत, जादोव्हील गाव. आयरिश ३५ व्या पलटणीची ए कंपनी, दीडशेच्या थोडे वर माणसं, कमांडंट पॅट क्विन्लन. मुख्य तळापासून शंभरावर किलोमीटर दूर, मध्ये लुफिरा नदीचा एकच पूल. हलकी शस्त्रं, ६० मिलिमीटर उखळी तोफा, मशीनगन. समोर अनेकपट कटांगी सैनिक, भाडोत्री अधिकारी आणि एक जेट विमान. क्विन्लनने आल्या आल्या खंदक खणून घेतले होते, म्हणून पाच दिवसांच्या लढाईत एकही आयरिश जवान मेला नाही. शेवट मात्र पाण्याने केला. गावकऱ्यांकडचा पुरवठा तुटला, आणि हेलिकॉप्टरने आणलेलं पाणी आधी इंधन भरलेल्या कॅनमधून आलं होतं. पिता येईना. सुटकेसाठी निघालेल्या तुकडीत आयरिश जवानांबरोबर भारतीय गुरखेही होते. लुफिराच्या पुलावर मारा झाला आणि त्यांना मागे फिरावं लागलं. दारूगोळा आणि पाणी संपल्यावर कंपनीने शस्त्रं ठेवली. पुढची कित्येक दशकं या माणसांकडे पराभूत म्हणून पाहिलं गेलं. कंपनीचा सन्मान झाला तो २०१६ मध्ये.

एकाच पुलावर अवलंबून असलेली चौकी, मदतीला जाणारं हवाई बळ नाही, आणि पाण्याचा साठा मोजलेला नाही. या तीनही गोष्टी नकाशावर आधीच दिसत होत्या. त्याच वर्षी ५ डिसेंबरला एलिझाबेथव्हीलला कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया पडले. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत मिळालेलं भारताचं ते एकमेव परमवीर चक्र.

गोलानची २०१४ ची गोष्ट जवळची. आदल्या वर्षी, जून २०१३ मध्ये, ऑस्ट्रियाने सीरियातली लढाई चौकीपर्यंत आली म्हणून जवळपास चाळीस वर्षांची तुकडी काढून घेतली. मोहिमेचा सुमारे तिसरा हिस्सा एकदम गेला. तटस्थ देशाच्या घरच्या राजकारणाला मृत्यू परवडत नाहीत, ही या धोरणाची कच्ची बाजू. रिकाम्या जागी इतरांबरोबर आयर्लंड आला, चिलखती गाड्या घेऊन. ऑगस्ट २०१४ मध्ये सीरियातल्या नुसरा या सशस्त्र गटाने फिजीचे ४५ जवान पकडले आणि फिलिपिनी चौक्यांना वेढा घातला. मोहिमेचे प्रमुख होते भारताचे लेफ्टनंट जनरल इक्बालसिंग सिंघा. एका चौकीतले फिलिपिनी जवान आयरिश गाड्यांनी बाहेर काढले, दुसरीतले रात्री अंधारात पायी निघाले. शस्त्रं ठेवायचा हुकूम होता का, यावर मनिला आणि मोहीम-मुख्यालय यांच्यात नंतर उघड वाद झाला. शांतिसेनेतला हा कायमचा दुखरा भाग. जवान निळं हेल्मेट घालून मोहीम-प्रमुखाच्या हुकमाखाली असतो, पण वायरलेसच्या दुसऱ्या टोकाला त्याची स्वतःची राजधानीही असते.

लेबनॉनमध्ये १४ डिसेंबर २०२२ च्या रात्री बैरूत विमानतळाकडे निघालेल्या दोन आयरिश गाड्यांची ताटातूट झाली. एक नेहमीचा मार्ग सोडून गेली, जमावाने घेरली, गोळीबारात एक जवान गेला. ताफ्याची नजरभेट तुटू द्यायची नाही आणि मार्ग बदलायचा तर आधी कळवायचं, हे नियम कागदावर होतेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये इस्रायली रणगाडे एका आयरिश चौकीला अगदी खेटून उभे राहिले. जवान चौकी सोडून गेले नाहीत. तिथे त्यांच्याकडून दुसरं काही अपेक्षितही नव्हतं. पाहणं, नोंद करणं, कळवणं आणि जागा न सोडणं, एवढंच त्या ठरावात लिहिलेलं काम होतं.

भारताकडे तीन सोडा, एकही कुलूप कायद्यात नाही. मंत्रिमंडळ ठरवतं, संसदेच्या मतदानाची अट नाही. फक्त 'संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखालीच' असा पक्का पायंडा आहे. १४ जुलै २००३ ला इराकमध्ये फौज पाठवायला नकार दिला तो याच आधारावर. पायंडा सोडला तो श्रीलंकेत, १९८७ मध्ये, द्विपक्षीय कराराने. नाव शांतिसेनाच होतं, आणि सुमारे बाराशे जवान मृत्युमुखी पडले. त्या वेळी मोहिमेची उद्दिष्टं आणि मुदत यांवर संसदेत आधी मतदान घ्यावं लागलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न आयरिश पद्धत पाहताना मनात येतोच. मला त्यांचं डॉलचं कुलूप सर्वांत मोलाचं वाटतं, आणि ५० वरच्या तुकड्यांसाठी ते नव्या मसुद्यातही कायम आहे.

तटस्थ देशांशी आपलं जुनं काम कोरियातलं. १९५३ च्या युद्धविरामानंतर मायदेशी जायला नकार देणाऱ्या बावीस हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियाई कैद्यांचा प्रश्न होता. स्वित्झर्लंड, स्वीडन, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत अशा पाच देशांचा आयोग नेमला, अध्यक्ष जनरल थिमय्या. कैदी प्रत्यक्ष ताब्यात ठेवणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते आपले मराठी शंकरराव थोरात. त्या पाचांतला स्वीडन मार्च २०२४ मध्ये नाटोत गेला. आयरिश तुकडीबरोबर लेबनॉनमध्ये वर्षानुवर्षं राहिलेला फिनलंड त्याच्या आदल्या एप्रिलमध्ये.

लेबनॉनची मोहीमच आता संपते आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरक्षा परिषदेने शेवटची मुदत दिली: ३१ डिसेंबर २०२६, त्यानंतर वर्षभरात माघार. ऑक्टोबर २०२५ मध्ये पैशाअभावी नऊ मोहिमांतल्या शांतिसैनिकांत सुमारे पाव कपात जाहीर झाली. माघारीत सर्वांत वेळखाऊ काम कंटेनरांचं असतं: प्रत्येक वस्तू करारातल्या यादीशी ताडायची, दारूगोळा वेगळा, माती-बियाणं लागलेली गाडी जहाजावर चढवण्यापूर्वी धुऊन काढायची, जमीन मूळ स्थितीत करून मालकाला परत द्यायची. आपली पलटणही याच रांगेत असेल. आयर्लंडची साडेतीनशे माणसं मोकळी होतील, आणि त्यांच्यासाठी नवी मोहीम शोधताना न्यूयॉर्कची सही लागेल की नाही, हे तोपर्यंत डॉलला ठरवावं लागेल.